वेटूसा तलावाचा वाटाड्या

डॉगवुडच्या झाडांना पांढरी फुलं धरली, की बर्मिंगहॅमचे दातांचे डॉक्टर वेल्डन बिब गाडीत गळकाठ्या टाकून वेटूसा तलावावर यायचे. वर्षातून चार खेपा, दर हंगामाला एक; ही त्यातली पहिली. दवाखाना बंद करून सहा वर्षं झाली तरी हा नेम सुटला नव्हता. एकोणीस वर्षांत त्यांनी बोट कधी बदलली नाही आणि वाटाड्याही बदलला नाही. वाटाड्या म्हणजे ओडेल स्टकी.

ओडेल सदुसष्ट वर्षांचा होता. वेटूसावर पाहुण्यांना बास माशाच्या शिकारीला नेणारे आता डझनभर वाटाडे झाले होते. त्यांच्या बोटींवर तळ दाखवणारे टीव्हीएवढे पडदे होते. ओडेलच्या बोटीवरही एक पडदा होता, पण तो बहुधा बंदच असे. तिशीत असताना धरणाच्या दुरुस्तीसाठी पाणी उतरवलं होतं, तेव्हा तो तीन आठवडे गमबूट घालून तळाच्या चिखलातून हिंडला होता. बुडालेला रस्ता, पुलाचे खांब, ओकच्या झाडांचे बुंधे, जुन्या नदीच्या पात्राची कड, सगळं त्याने पावलांनी मोजून ठेवलं होतं. पडदा कशाला हवा, असं तो म्हणायचा, आणि त्या वसंतापर्यंत ते सगळ्यांना पटतही होतं.

खरी गोष्ट अशी होती, की त्याला पडदा दिसत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्यात मधोमध एक धुरकट डाग आला. मग डाव्यातही आला. कडेचं सगळं स्वच्छ दिसे. ज्याच्याकडे रोखून पाहावं नेमकं तेच पुसलं जाई. माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. ओडेल मान जराशी तिरकी करून बघायला शिकला. गळाची गाठ बांधताना नायलॉनचा तंगूस ओठांत धरून जिभेने चाचपायला शिकला. लोकांना वाटायचं, म्हातारा ऐटीत आलाय.

त्या एप्रिलमध्ये पाणी बासष्ट डिग्री फॅरनहाइटवर आलं होतं. या दिवसांत बास खोल पाणी सोडून काठाला येतात. नर शेपटीने तळ झाडून परातीएवढं गोल आळं करतो, मादी त्यात अंडी घालून निघून जाते, आणि नर राखणीला बसतो. त्या आळ्यात गळाला लावलेला रबरी सरडा टाकला तर तो उचलतो, भूक म्हणून नव्हे, बाहेर फेकायला म्हणून. ही शिकार नजरेची असते. आळं आधी दिसावं लागतं.

"तो बुंधा दिसतोय ना, डॉक्टर? त्याच्या डावीकडे दोन हात," ओडेल म्हणाला. "दरवर्षी तिथंच असतं."

डॉक्टर बोटीच्या टोकावर उभे होते. बुंध्याच्या डावीकडे नुसता गाळ होता. आळं उजवीकडे होतं, चांगलं चार हातांवर, आणि त्यावर अंडी घालायला आलेली सात-आठ पौंडांची मादी शेपूट हलवत उभी होती. इतकी मोठी, की पाण्यावरून जाणाऱ्यालाही दिसावी.

"डावीकडे म्हणतोस?"

"आता काय बोट धरून दाखवू?"

डॉक्टरांनी उजवीकडे गळ टाकला. तिसऱ्या खेपेला मादीने सरडा उचलला. जाळीत घेतली, वजन केलं, परत सोडली.

"सांगितलं नव्हतं?" ओडेल म्हणाला.

"सांगितलं होतंस," डॉक्टर म्हणाले आणि थर्मासमधून कॉफी ओतून घेतली.

जूनच्या खेपेला ते दोघे तलावाच्या मध्यावर गेले. अंडी घालून झाली, की बास काठ सोडतात आणि जुन्या पात्राच्या कडेला वीस-पंचवीस फुटांवर थवे करून राहतात. धरणावर वीज काढायला पाणी सोडलं की खालचं पाणी वाहू लागतं, आणि त्या तासा-दोन तासांत ते चरतात. ओडेलकडे जागा पकडायची जुनी रीत होती: गावाची पाण्याची टाकी चर्चच्या सुळक्याआड अर्धी जाईल, तिथे थांबायचं.

बोट थांबली. ओडेलने नांगर सोडला.

"ती पांढरी टाकी बघा, सुळक्यामागे बरोब्बर अर्धी गेलीय," तो म्हणाला. "आता बरोबर खाली कड आहे."

डॉक्टरांनी टाकीकडे पाहिलं. टाकी लाल होती. शाळेच्या संघाने राज्यात बाजी मारली म्हणून पंधरा दिवसांपूर्वी गावाने ती लाल रंगवली होती, आणि तिच्यावर घोड्याएवढ्या अक्षरांत साल घातलं होतं. शिवाय ती सुळक्यापासून चांगली दूर होती.

"नेटी म्हणाली नाही का तुला, टाकी रंगवल्याचं?"

"म्हणाली असेल. बायकोचं सगळं ऐकत बसलो तर मासे कधी धरू?"

त्या दिवशी दोघांना मिळून दोन मासे मिळाले. ओडेलने दोष पाण्याला दिला. दुपारी टोमॅटोचं सँडविच खाताना डॉक्टर एवढंच म्हणाले, "ओडेल, माझा एक मित्र आहे, डोळ्यांचा. चांगला माणूस आहे."

"माझे डोळे चांगलेत. तुम्ही दातांचं बघा."

डॉक्टरांनी विषय सोडला. पुढे त्यांना स्वतःचा राग आला तो याच गोष्टीचा.

ऑक्टोबर आला. पाणी निवू लागलं की शॅड नावाचे चंदेरी बारके मासे थव्याथव्याने ओढ्यांत शिरतात, आणि बास त्यांच्या मागे. थवा काठाला कोंडला की पाणी उकळल्यासारखं होतं. तो आवाज पाव मैलावरून येतो, आणि ओडेलचे कान शाबूत होते. सकाळी साडेआठला त्याला लिटल सोरेल ओढ्याच्या तोंडाकडून खळखळ ऐकू आली आणि त्याने इंजिन पूर्ण वेगात सोडलं. हे थवे दहा मिनिटांत विरतात. सगळे वाटाडे तिथे असेच धावतात.

डॉक्टर गळकाठी तयार करत खाली वाकले होते. त्यांनी मान वर केली तेव्हा समोर एक हिरवी कनू, वल्ह्यांची अरुंद नाव, तीस हातांवर होती.

"उजवीकडे! ओडेल, उजवीकडे घे!"

ओडेलने चाक फिरवलं. बोट कनूला घासली नाही, पण तिच्या लाटेने कनू एका झटक्यात पालथी झाली. दोघी जणी पाण्यात पडल्या. दोघींच्या अंगात तरंगती जाकिटं होती. एकीला काही झालं नाही. दुसरी इमोजीन क्रॉली, गावच्या शाळेत गाणं शिकवणारी. पडताना तिचा हात कनूच्या कडेवर आपटून मनगटाच्या वर मोडला. तिला बोटीत घेताना ती ओरडली नाही, फक्त मोडलेला हात छातीशी धरून ओडेलकडे बघत राहिली. ओडेलला तिचे ओले केस दिसत होते.

धक्क्यावर गस्तीच्या बोटीचा अधिकारी आला. तो ओडेलला वीस वर्षं ओळखत होता.

"काय झालं?"

"ऊन डोळ्यांवर आलं," ओडेल म्हणाला.

अधिकाऱ्याने डॉक्टरांकडे पाहिलं. बोट पश्चिमेला चालली होती. सूर्य पाठीशी होता.

"हो," डॉक्टर म्हणाले. "ऊन होतं."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. आकाशाकडे त्याने पाहिलं नाही.

गाडीत सामान भरून झालं तरी डॉक्टर निघाले नाहीत. धक्क्याच्या टपरीवर उकडलेल्या शेंगा घेतल्या, पिशवी ओडेलच्या हातात दिली आणि म्हणाले, "मी सत्तरीला टेकलोय. माझ्या उभ्या आयुष्यात पोलिसाशी खोटं बोललो नव्हतो. आज बोललो. पुन्हा बोलणार नाही."

"मी सांगितलं होतं का बोलायला?"

"नाही. म्हणून तर माझा मलाच राग आलाय. एप्रिलपासून मला माहीत आहे, ओडेल."

"काय माहीत आहे?"

"माझा शर्ट कुठल्या रंगाचा आहे ते सांग. थेट माझ्याकडे बघ, मान वाकडी न करता."

ओडेलने शेंगांची पिशवी बाकावर ठेवली आणि चालू लागला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

नेटी बोटींच्या धक्क्यावर, मरीनावर, गळ-आमिषांच्या दुकानात काम करायची. घरी आली तेव्हा ओडेल स्वयंपाकघरात दिवा न लावता बसला होता. संध्याकाळच होती, अजून उजेड होता.

"इमोजीनच्या हाताला सहा आठवडे प्लास्टर आहे," ती म्हणाली. "मी दवाखान्यात जाऊन आले."

"ऊन होतं."

"माझ्याशी पण खोटं?" नेटीने पर्स टेबलावर आपटली. "दीड वर्ष तुझ्या गोळ्यांच्या बाटल्यांना मी रबरबँड लावतेय. एक बँड सकाळची, दोन रात्रीची. तुला काय वाटलं, बाटल्यांना आपोआप फुटले?"

ओडेल टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"मला वाटलं, तू आपणहून सांगशील. मग वाटलं, हा हंगाम जाऊ दे. मग पुढचा." ती खुर्चीवर बसली. "त्या पोरीचा हात मोडला त्यात माझाही वाटा आहे. तेवढं मला कळतं."

"मला दुसरं काही येत नाही, नेटी."

"ते सगळ्या गावाला माहीत आहे."

तिने उठून दिवा लावला आणि जेवणाच्या मऊ बिस्किट-पावांचं पीठ मळायला घेतलं.

चौथ्या दिवशी ओडेल चालत इमोजीनच्या घरी गेला. तीन मैल. तिने जाळीचं दार उघडलं नाही, आतूनच उभी राहिली. जाळीमुळे तर त्याला ती अजिबातच दिसत नव्हती.

"ऊन नव्हतं," तो म्हणाला. "मला दिसत नाही. कडेचं दिसतं. समोरचं नाही. तुझी नाव मला दिसलीच नाही."

जाळीला आतून प्लास्टर घासल्याचा आवाज आला.

"किती दिवस झाले याला?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं तुम्ही त्या इंजिनावर बसताय? माझी वर्गातली पोरं उन्हाळ्यात तिथं पोहतात, मिस्टर स्टकी."

"हो."

"माझी माफी वगैरे मागायला आला असाल तर मला आत्ता माफ करणं जमायचं नाही. डिसेंबरात नाताळचा कार्यक्रम आहे आणि मला पियानो वाजवता येत नाही. जे मला सांगितलंत ते त्या अधिकाऱ्याला सांगा. मग बघू."

"तिकडेच चाललोय," तो म्हणाला, आणि ते खरं नव्हतं. पण तिने म्हटल्यावर तो तिकडेच गेला.

अधिकाऱ्याने आधीचा कागद फाडला नाही, त्याला दुसरा जोडला. ओडेलचा वाटाड्याचा परवाना गेला, बोट चालवायचाही गेला. डॉक्टरांनाही बोलावणं आलं. त्यांनी जबाब बदलला आणि समज घेऊन परत गेले. डोळ्यांच्या मित्राने तपासून सांगितलं, की गेलेलं परत येणार नाही. सुया घेतल्या तर उरलेलं बहुतेक टिकेल. ओडेलने सुया घेतल्या. डोळ्यात सुई म्हणजे काय असतं, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. मरीनावर दोन आठवडे चर्चा झाली. काही जण म्हणाले, म्हाताऱ्याने बरं केलं. काहींनी त्याला दुकानात पाहून तोंड फिरवलं. तोंड फिरवलेलं ओडेलला कळत नसे. नेटीला कळे, आणि ती त्यांना सुटे पैसे देताना वेळ लावी.

जानेवारीत डॉक्टर आले. न कळवता. नेटीने दार उघडलं.

"आहे का?"

"कुठं जाणार? सकाळपासून माझ्या डोक्यावर बसलाय. घेऊन जा."

बोट डॉक्टरांनी चालवली. त्यांना चालवता येत नव्हती असं नाही, पण धक्का सोडताना त्यांनी दोन खांबांना धडका दिल्या.

"देवा रे," ओडेल म्हणाला. "आंधळा मी आहे ना?"

पाणी चव्वेचाळीस डिग्रीवर होतं. धरणवाल्यांनी तलाव सात फूट उतरवला होता आणि काठाला लाल माती उघडी पडली होती. या दिवसांत बास खडकांच्या उतारावर तळाशी लागून राहतात, फारसे हलत नाहीत, फारसे खात नाहीत. जड जिग, म्हणजे शिशाचा गोळा लावलेला गळ, तळाला सोडायचा आणि इतका सावकाश ओढायचा, की ओढतोय हे आपल्यालाही वाटू नये. मासा झटका देत नाही. तंगुसाला ओलं पान अडकावं तसा थोडासा भार येतो, एवढंच. बघण्यासारखं काहीच नसतं. ज्याची बोटं तयार आहेत त्याला मासा मिळतो.

"कुठं नेऊ?" डॉक्टरांनी विचारलं.

"पुलाच्या खांबांकडे. धक्क्यापासून सरळ जा, डाव्या गालावर वारा ठेवून. मग वारा तुटेल, तिथे डोंगराचा आडोसा लागतो. तिथून हळू."

वारा तुटला. डॉक्टरांनी इंजिन बंद केलं. ओडेल पुढच्या खुर्चीवर बसला. या खुर्चीवर तो चाळीस वर्षांत बसला नव्हता, ती पाहुण्याची. त्याने जिग सोडला आणि तर्जनीवर तंगूस घेतला. डोळे मिटले. पहिल्या तासात काही नाही. डॉक्टरांनी चार वेळा गळ ओढला, चारही वेळा दगड निघाला.

"तो मासा नाही," ओडेल प्रत्येक वेळी म्हणायचा. "दगडाला इतका जोर लावू नका, दुखेल त्याला."

साडेदहाच्या सुमाराला त्याचं बोट थांबलं. डॉक्टरांना काहीच दिसलं नाही. तंगूस हललाही नव्हता. ओडेलने श्वासभर वाट पाहिली आणि गळकाठी झटक्याने वर ओढली. काठी वाकली ती तशीच राहिली.

मासा पाच पौंडांचा निघाला. ओडेलने तो दोन्ही हातांत धरला, अंगठा जबड्यावरून फिरवला, पोटाखाली हात घालून चाचपला.

"मादी आहे," तो म्हणाला. "अंडी भरायला लागलीत."

"सोडायची?"

"मग काय, घरी नेऊन तिला लाल रंग देताय?"

डॉक्टर हसले. ओडेलने मासा पाण्यात धरून ठेवला, स्वतःहून शेपूट मारेपर्यंत. थंड पाण्याने त्याचे हात लाल झाले. मासा गेल्यावर त्याने हात विजारीला पुसले आणि जिगची गाठ जिभेने तपासली. गाठ जरा चिरली होती. त्याने ती तोडली आणि नवी बांधायला घेतली.

"डॉक्टर, बोट दहा हात मागं घ्या," तो म्हणाला. "आणि खांबाला धडकू नका."