एकाच हातच्या दोन गिटारी

ज्या माणसानं माझ्या लेकाची गिटार घडवली, त्याच्याच दुसऱ्या गिटारीला मी त्याच्या तोंडावर डबा म्हणाले. शहात्तर साल होतं. आमच्याच घरात, पुढच्या सोप्यात, चार माणसांत. आजवर मी पुष्कळांना पुष्कळ बोलले आहे आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही. याचं वाटतं.

सुरुवात माझ्या जावेपासून झाली. हरणाबाईचं माहेर विट्याचं, आणि भावांच्या नादानं तिचा थोरलाही गलाईत शिरला. तिकडं मद्रासकडं सोनं गाळायचं दुकान काढलं त्यानं. तो सुट्टीला आला की तिच्या घरात एकेक वस्तू वाढायची आणि मला बोलावणं यायचं. टेपरेकॉर्डर आला तेव्हा म्हणाली, "हात लावून बघा आक्का, जपानी हाय. बटन तेवढं हळू दाबा."

मी म्हणाले, "बघितला. आमच्या मानसिंगची बी विजेवरची गिटार येतीया. अमेरिकेची."

मानसिंग माझा धाकटा. चार वर्षं पलटणीत काढून, गुडघा अधू होऊन परत आला. तिथल्या बँडात गिटार शिकला होता आणि आता कराडच्या पोरांबरोबर ऑर्केस्ट्रा काढायचं त्याच्या मनात होतं. पलटणीतला एक दोस्त विलायती गिटार मिळवून देतो म्हणाला होता, हे खरं. पुढं त्याचं दुसरं पत्र आलं, की जमत नाही. ते पत्र मी चुलीत घातलं.

मग आम्ही मायलेक मिरजेला गेलो. सतारीवाल्यांच्या गल्लीत सिकंदरभाईंचं दुकान. तीन पिढ्या सतारी आणि तानपुरे करणारं घर. पण गावोगाव ऑर्केस्ट्रा निघायला लागले, विलायती माल कुणाला परवडेना, म्हणून सिकंदरभाई विजेच्या गिटारी करायला लागले होते. लाकूड सतारीचंच. आत बसवायचं चुंबक जुन्या रेडिओच्या कर्ण्यातलं. त्याच्यावर केसासारखी तांब्याची तार नवराबायको मिळून गुंडाळायची. अख्तरबी चाक फिरवायची आणि ते वेढे मोजायचे.

मानसिंगनं एक वाजवून बघितली आणि त्याचा चेहराच पालटला. "आई, पलटणीत सायबाची विलायती मी वाजवलीया. हिची मान तिच्यापरीस वाईच जाड हाय, मूठ भरती. पण आवाजाला उणं न्हाई बघ."

गिटारीच्या डोक्यामागं तापल्या सुईनं जाळून बारीक अक्षरं काढलेली होती. सिकंदर वजीर, मिरज. वजीर म्हणजे त्यांचे वडील.

"हे काढा," मी म्हणाले.

"काय काढू, आक्का?"

"नाव. म्होरनं दुसरं बसवायचं हाय."

सांगलीत पाट्या कोरणाऱ्याकडून मी आधीच पितळेची अक्षरं कापून घेतली होती, मासिकातलं चित्र दाखवून. इंग्रजी होती, मला वाचता येत नव्हती. हरणाबाईच्या लेकाला येतात, एवढं मला पुरे होतं. सिकंदरभाईंनी ती तळहातावर घेतली.

"कंपनी मोठी हाय ही. त्यांचं नाव माझ्या लाकडावर कसं घालू? ते त्यांचं, हे माझं."

"घरात ऱ्हाणार हाय, बाजारात मांडायची न्हाई. तुमाला काय, तुमचं पैसं मिळाल्याशी काम."

आतलं चाक थांबलं. अख्तरबी बाहेर डोकावली आणि परत आत गेली. सिकंदरभाईंनी काचकागद घेतला आणि घासायला बसले. बापाचं नाव आधी गेलं, मग त्यांचं. मी समोर उभी राहून नीट गेलंय का बघत होते.

पुढचे दोन महिने माझे चांगले गेले. हरणाबाई आली, पितळेवरून बोट फिरवून गेली. कराडपर्यंत बोलवा झाला की अंबूबाईच्या, म्हणजे माझ्या, घरी अमेरिकन गिटार आहे.

तो बोलवा सांगलीच्या नानासोच्या कानावर गेला. नानासोची ऑर्केस्ट्रा पार्टी मोठी, साखर कारखान्यांच्या गणपतीत सगळीकडं तीच. एका दुपारी त्याची जीप आमच्या दारात थांबली. मागनं हातात चादरीत गुंडाळलेली गिटार घेऊन सिकंदरभाई उतरले. मला बघून ते जागीच थबकले. कुणाच्या घरी चाललोय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

नानासो खाटेवर टेकत म्हणाला, "आक्का, मला तीन गिटारी घ्यायच्यात. ह्ये सिकंदरभाई म्हणत्यात, कसल्या बी विलायतीशेजारी माझी उभी करा. म्हटलं चला, अंबूआक्काचं घराणं मोठं, तिची खात्रीची असणार. हिच्या बरोबरीला उतरली तर तिन्ही ह्यांच्याकडनं घेतो. न्हाई तर मुंबईला माणूस धाडतो."

नेमकी हरणाबाई माझ्यासमोर चिंच फोडत बसली होती.

मानसिंगनं आवाज मोठा करायचं मशीन लावलं. आधी घरची वाजवली, मग चादरीतली. तीच चाल, तेवढीच. मला गाण्यातलं कळत नाही, पण एकच माणूस दोनदा बोलला तर ते कळायला शिक्षण लागत नाही. उलट नवीन गिटार जरा सरसच होती. घरच्या गिटारीच्या मानेवरच्या पडद्यांच्या, त्या धातूच्या पट्ट्यांच्या, कडा मानसिंगच्या बोटाला लागायच्या. हिच्या घासून गुळगुळीत केलेल्या.

घरची वाजत होती तेव्हा नानासोनं डोळे मिटले होते. कुठली वाजतेय ते बघून मग मिटले होते. "वा. सूर कसा लांबतोय बघा. खानदानी काम." दुसरी वाजली तेव्हा त्यानं मान हलवली. "आवाज हाय, पर पोकळ. शेवटाला झणझण येती."

हरणाबाई म्हणाली, "माझ्यासारख्या अडाणीला बी कळतंय की. पैली म्हंजे आमचा टेपरेकॉर्डर, आन् दुसरी म्हंजे जत्रंतला भोंगा."

"मानसिंगराव, तुमी रोज वाजवता," नानासो म्हणाला. "तुमीच सांगा."

 मानसिंगनं माझ्याकडं बघितलं. सिकंदरभाई उंबऱ्याशी बसले होते, त्यांनी मात्र बघितलं नाही. एका वाक्याचं काम होतं. ह्या दोन्ही ह्यांच्याच आहेत, एवढं म्हटलं की झालं. पण हरणाबाईच्या हातातला चिंचोका तसाच राहिला होता आणि ती माझं तोंड न्याहाळत होती.

मी म्हणाले, "त्यो काय सांगणार. कुठं ही, आन् कुठं ह्यो डबा."

"बघा सिकंदरभाई. मी न्हाई म्हणत, घरची मालकीण म्हणतीया."

सिकंदरभाई उठले. मानसिंगशेजारी बसून घरची गिटार त्यांनी मांडीवर घेतली. एक खुंटी ढिली झाली होती, ती खिशातल्या पेचकसानं आवळली. डोक्यामागं, घासलेल्या जागेवरनं, अंगठा एकदा फिरवला.

"कारागिराचा हात चांगला हाय," म्हणाले. आपली गिटार चादरीत गुंडाळली आणि जीपच्या मागच्या बाजूला जाऊन बसले. चहाला थांबले नाहीत.

त्यानंतर चार दिवस मानसिंगनं गिटारीला हात लावला नाही. जेवायचा, रानात जायचा. पाचव्या दिवशी मी विचारलं, "वाजवत का न्हाईस रं?"

"काय वाजवू? खानदानी का डबा?"

दुसरा कुणी असं बोलला असता तर मी त्याला उंबऱ्याबाहेर काढला असता. त्या दिवशी मी खाली मान घालून भाकरी थापत राहिले.

दुसऱ्या दिवशी सुरीच्या टोकानं पितळेची अक्षरं उचकटली आणि गिटार आणि मानसिंगला घेऊन एस्टीनं सांगली गाठली. नानासोच्या पार्टीची तालीम चालली होती, दहाबारा माणसं होती. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, की घरची गिटारही सिकंदरभाईंनीच केलेली आहे. नानासो हसला. गिटार घेऊन दोन तारा छेडल्या. "त्या दिवशी बरी वाजत हुती. एस्टीत दणकं बसलं असतील."

मी अक्षरं त्याच्यापुढं टाकली. "ह्ये पितळ तुमच्या सांगलीतच कापलंय. दुकान दावू?"

 पार्टीची माणसं त्याच्याकडं बघायला लागली. आपण कशाला खानदानी म्हणालो, हे त्याला आठवलं असणार. तोंड लाल झालं.

"म्हंजे त्या मिरजकरानं तुमाला फसवलं. खोटं नाव घालून माल इकतो व्हय? बरं झालं, मी घेतली न्हाई."

"त्यानं न्हाई. म्या घालायला लावलं. तो नगं म्हणत हुता."

"ऱ्हाऊ द्या आक्का. तुमी असलं कशाला कराल? गरिबावर पांघरूण घालताय, कळतंय मला."

माझ्या घराण्याचं नावच आडवं आलं. मी खोटं बोलले तेव्हा त्याच नावाकडं बघून सगळ्यांनी खरं मानलं, आणि खरं बोलले तर कुणी मानेना.

तिथनं मिरज. सिकंदरभाई पडदे ठोकत बसले होते. झालेलं सगळं मी सांगितलं. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"आक्का, मागल्या आठवड्यात मी नुसता हलक्या मालाचा कारागीर हुतो. आता चोर बी झालो. तुमी गप बसला असता तर निम्म्यावर सुटलो असतो."

आतनं अख्तरबी म्हणाली, "बसायला पाट द्या त्यास्नी. उभ्यानं किती ऐकतील."

मी लाकडाच्या भुशातच बसले. म्हणाले, "हिच्यावर तुमचं नाव परत घाला."

"आता न्हाई. त्या नावानं धंदा कसा करायचा, ह्येच कळंना झालंय."

मानसिंगच्या ऑर्केस्ट्राचा पहिला कार्यक्रम विट्याला झाला. हरणाबाई माझ्याशेजारी बसलेली, तिच्या माहेरची सगळी माणसं मागं. सुरुवातीला काय बोलायचं ते मी मानसिंगला घरनंच सांगून आणलं होतं. तो म्हणाला होता, "सगळ्यांसमोर, आई?" मी म्हणाले होते, "सोप्यात काय कुणी नव्हतं व्हय?"

त्यानं माईक जवळ घेतला. "ही गिटार मिरजेच्या सिकंदर वजीर यांनी केली. हिच्यावर खोटं विलायती नाव माझ्या आईनं, अंबूबाईनं, घालायला लावलं होतं. कारागीर नको म्हणत होता."

मागनं कुणीतरी विचारलं, "मग गाणार कोण, आईच का?" मंडप हसला. हरणाबाई माझ्यापासून वीतभर सरकली आणि पदराआडनं म्हणाली, "आवं आक्का, माझ्या माहेरात कशाला ह्ये?"

मी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले.

त्या साली अकरा कार्यक्रम झाले. प्रत्येक वेळी मानसिंग तेच वाक्य बोलला आणि प्रत्येक वेळी मी पुढं बसले. नानासोच्या तिन्ही गिटारी मुंबईहून आल्या. मिरजेला दर कार्यक्रमाआधी आम्ही कार्ड टाकतो; सिकंदरभाई अजून एकदाही आलेले नाहीत. मानसिंग म्हणतो, आई, आता पुरे. मी म्हणते, ते येऊन ऐकून जाऊ देत, मग पुरे.