एक ठेका आधी

माझ्या बाबांचा आवाज म्हणजे भोंगा. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या आमच्या गावात दर शनिवारी हॉलमध्ये चार-चार जोड्यांचे नाच व्हायचे आणि कोणी कुठे वळायचं, कोणाचा हात धरायचा, हे बाबा, म्हणजे ऑरिन पेल्की, माइकवरून पुकारायचे. शंभर नाच तोंडपाठ, हातात कागद कधी नाही. गाव अजून त्या स्मरणशक्तीच्या गोष्टी सांगतं. त्यांच्या पाठीमागे, अगदी खांद्याशी, पियानोवर आई असायची. तिच्या गोष्टी कोणी सांगत नाही, आणि याचा मला लहानपणापासून राग आहे.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. यंदा हॉलची शंभरी, म्हणून समितीला एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालच्या एका नाचाची टेप वाजवायची होती. मी जन्मभर रेडिओवर लोकांचे आवाज साफ केले, तेव्हा ती माझ्याच गळ्यात पडणार. मी मनाशी ठरवलं, या वेळी आईचा पियानो गावाला ऐकवायचाच. ती ब्याऐंशीची आहे, बोटं वाकडी झालीत. आता नाही तर कधी?

काम तसं सोपं. कॉम्प्रेसर लावला की मोठा आवाज ठरावीक पातळीवर दाबला जातो. मग सगळंच वर उचलायचं, म्हणजे तळाशी राहिलेलंही कानावर येतं. बाबांना दाबलं. पियानो वर आला, बुटांची खडखड आली, मागे डोनट तळणाऱ्या बायकांचं हसू आलं. माझे डोळे भरले, खोटं कशाला सांगू. आणि मग पियानोच्या आडून आईची कुजबुज आली, "डावा हात." लगेच बाबांची गर्जना, "डावा हात!" पुन्हा कुजबुज, "बायका मधे." पुन्हा गर्जना. अख्खी टेप अशीच.

लॅपटॉप घेऊन तडक आईकडे गेलो. हेडफोन लावून ती शेवटपर्यंत ऐकत बसली.

"तीस वर्षं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही आम्ही," ती म्हणाली. "गोठ्यात गाईंपुढे ऑरिन सगळे नाच धडाधड म्हणायचा. माइक हातात आला की पाटी कोरी."

मी म्हटलं, मग आता गावाला कळू दे खरं डोकं कोणाचं होतं ते.

"मेरिल, माझा आवाज परत खाली घाल."

"का पण? तुझं नाव होऊ दे की एकदा."

"नावाचं काय लोणचं घालू? मी मागे आहे म्हणून तो उभा राहायचा. त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. झालं की." मग हेडफोन काढता काढता म्हणाली, "ही प्रत मात्र माझ्यापाशी राहू दे."

शनिवारी टेप वाजली, जशी होती तशी. बाबांच्या आवाजाने खिडक्या थरथरल्या, म्हातारे नाचायला उठले, आणि जो तो मला येऊन सांगत होता, काय डोकं होतं रे तुझ्या बापाचं. मी मान डोलावत होतो. आई पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसली होती. तिचे ओठ हलत होते, प्रत्येक पुकाऱ्याच्या एक ठेका आधी.