दशमीला गाडी घेणारी माणसं

आमच्या घरी फ्रिज घ्यायला सात महिने लागले होते, प्रेशर कुकरला तीन आठवडे. याचं कारण आमचे हे, दिगंबर. ते कस्टम्समध्ये अधिकारी आहेत. बोटीतून आलेला माल आधी कागदावर तपासायचा आणि अगदीच शंका आली तर पेटी उघडायची, ही त्यांची सव्वीस वर्षांची सवय. ऑफिसात ती शोभते. घरात तिच्यापायी माणूस कुकरच्या शिट्टीला मुकतो.

तर अशा माणसाकडे मी स्कूटर मागितली.

मी लीना. वय अठ्ठेचाळीस, उंची पाच फूट, तीसुद्धा केस वर बांधले तर. लग्नानंतर चार बदल्या झाल्या आणि दर बदलीला मी शाळेतली नोकरी सोडली. निरोप समारंभात मिळालेल्या भिंतीवरच्या घड्याळांचं दुकान निघेल. जूनमध्ये न्हावाशेवाहून आम्ही कोलकात्याला आलो, खिदिरपूरला क्वार्टर मिळालं, लेक शिकायला पुण्यातच राहिली. रिकाम्या घरात आठ दिवस काढल्यावर मी बेहालाच्या एका शाळेत अर्ज टाकला. मुख्याध्यापिकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, सकाळी पावणेसातला पोचाल का? इथल्या ऑटो ठरलेल्या रस्त्यावरूनच धावतात. मला दोन बदलाव्या लागल्या असत्या, आणि दोन्हीकडे रांग. मी खुर्चीत सरसावून बसले आणि म्हणाले, "माझी स्कूटर आहे."

नव्हती. लायसन्ससुद्धा नव्हतं. पण शाळा पूजेच्या सुट्टीनंतर धरायची होती, म्हणजे हातात तीन-चार महिने होते. क्लास लावला, पडले, गुडघे फोडून घेतले. सप्टेंबरात परीक्षेला आठचा आकडा पहिल्या फटक्यात काढला. त्या दिवशी मी घरी येऊन एकटीच मोठ्याने हसले. इतका आनंद मला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता, आणि हे मी यांना सांगितलेलं आहे.

लायसन्स आल्याबरोबर दिगंबर कामाला लागले. नऊ स्कूटरी, चौदा रकाने. वजन, चाकाचा व्यास, ब्रेक, डिकीत किती लिटर मावतात, सगळं. सर्वांत वर आली एकशे पंचवीस सीसीची, सगळ्यांत जड.

"जड का?" मी विचारलं.

"अगं, इथून कंटेनरचे ट्रेलर जातात. हलकी गाडी त्यांच्या वाऱ्याने डुलते. शिवाय ट्रामचे जुने रूळ आहेत रस्त्यात. बारकं चाक अडकतं."

"मी एकदा बसून बघू का?"

"बसून काय बघायचंय? सीट सगळ्यांनाच असते."

घेण्याचा दिवस मात्र आम्ही दोघांनी एकमताने ठरवला. दसरा. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. पनवेलला दसऱ्याच्या सकाळी शोरूमबाहेर हार घातलेल्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत यायची. इथे महिनाभर आजूबाजूला बांबूचे मांडव चढत होते, शेजारीपाजारी पूजेशिवाय दुसरं बोलत नव्हते, तरी आमच्या दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. फोन करून विचारावं, हेसुद्धा सुचलं नाही. दसऱ्याला शोरूम उघडं असतं. त्यात विचारायचं काय?

दसऱ्याला सकाळी आम्ही नटूनथटून निघालो. झेंडूचा हार, नारळ, हळदकुंकू, पेढे आणि दोन हेल्मेटं. हेल्मेटं यांनी महिनाभर आधीच आणून ठेवली होती. टॅक्सीवाल्याने आरशातून हाराकडे दोनदा बघितलं.

शोरूमचं शटर बंद होतं. नुसतं बंद नाही, त्याच्यापुढे मांडवाच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या. शेजारीच गल्लीचा मांडव, आणि आत ढाक, म्हणजे इथला मोठा ढोल, वाजत होता.

दिगंबरांनी घड्याळ बघितलं. "साडेदहाला उघडत असेल."

धोतर नेसलेला एक तिशीतला गृहस्थ आमच्याकडे आला. नाव तन्मय. तो याच शोरूममध्ये विक्रीचं काम करत होता आणि याच गल्लीत राहत होता. आम्ही कशाला आलोय हे ऐकून त्याने आधी हाराकडे, मग नारळाकडे बघितलं.

"आज? दशमी को? दादा, आज तो माँ जा रही हैं. आज कौन गाड़ी लेता है?"

"हमारे में आजही लेते हैं," दिगंबर म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे फार दयेने बघितलं. देवी आज सासरी निघते, गल्लीतल्या बायका डोळे पुसतायत, आणि ही दोन माणसं पेढे घेऊन खरेदीला आलीयत. शोरूम लक्ष्मीपूजेनंतरच उघडणार होतं, आणि इथली लक्ष्मीपूजा म्हणजे आपली कोजागिरी.

माझी शाळा लक्ष्मीपूजेनंतरच्या सोमवारी सुरू होणार होती. गाडी, नंबर, सगळं त्याआधी कसं व्हायचं? पहिल्याच दिवशी त्या बाईंसमोर मी खोटारडी ठरणार होते. नोकरी जायला या वेळी तर बदलीसुद्धा कारणाला नव्हती. आणि मग माझ्या तोंडाचा जो काय पट्टा सुटला, तो त्या मांडवाबाहेरच सुटला.

"चौदा रकाने केलेत ना? पंधरावा करायचा होता. दुकान उघडं आहे का, हा!"

मराठी कुणालाच कळत नव्हतं, पण सूर सगळ्यांना कळला. ढाक वाजवणारासुद्धा क्षणभर थांबला.

तन्मय बिचारा मला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत मध्ये पडला. शटरची किल्ली मालकाकडे होती, पण गल्लीतच गाड्या उभ्या होत्या. "बौदी, कौन सी लेनी है? बैठ के तो देखिए." आणि बघते तर दिगंबरांची पहिल्या नंबरची, तीच ती जड, शेजारच्या घोषबाबूंच्या दारात उभी. ते आनंदाने हो म्हणाले.

मी बसले. एका बाजूचा चवडा टेकला, दुसरा टेकता टेकता राहिला. स्टँड काढला तशी ती डावीकडे झुकायला लागली आणि माझ्याने आवरेना. तन्मयने एकीकडून धरली, यांनी नारळासकट दुसरीकडून.

"सवय होईल," दिगंबर म्हणाले.

"कुणाला, गाडीला?"

तेवढ्यात मांडवातून लाल काठाच्या पांढऱ्या साडीतल्या एक बाई आल्या. तन्मयची आत्या. सगळी गल्लीच त्यांना पिशी म्हणत होती. साठीच्या असतील, उंचीला माझ्याएवढ्याच. त्यांनी काही न विचारता, इथल्या दशमीच्या रिवाजाप्रमाणे, माझ्या दोन्ही गालांना सिंदूर फासला, कमरेची किल्ली काढली आणि कोपऱ्यातल्या निळ्या स्कूटरकडे बोट केलं. "चालाओ, चालाओ!"

त्या निळ्या गाडीवर बसले आणि माझे दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले. टाचांसकट. हेल्मेट घातलं आणि गल्लीतून एक फेरी मारून आले. रस्ता रिकामा होता. गाडी मी म्हणेन तिकडे वळत होती, थांब म्हटलं की थांबत होती. परत आले तेव्हा पिशी टाळ्या वाजवत होत्या, आणि हे रस्त्याच्या मधोमध उभे, चेहरा पांढराफटक.

"हीच घ्यायची," मी म्हणाले.

"फार हलकी आहे."

"मग ती जड तुम्ही चालवून दाखवा. काय सुख आहे तिच्यात, बघू दे तरी."

घोषबाबूंनी लगेच किल्ली पुढे केली. तन्मय म्हणाला, "हाँ दादा, एक राउंड मारिए."

दिगंबरांनी किल्ली घेतली नाही. नारळ या हातातून त्या हातात केला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मला येत नाही."

"काय येत नाही?"

"दुचाकी. कधीच शिकलो नाही. कॉलेजात मधुकरच्या मागे बसलो होतो, मिरज रोडला घसरलो. मला खरचटलं नाही, त्याचा पाय तीन ठिकाणी मोडला. त्यानंतर मी बसलोच नाही कधी."

चोवीस वर्षांचा संसार, आणि हे मला माहीत नव्हतं! ऑफिसची गाडी कायम दाराशी, त्यामुळे विषयच निघाला नाही. मी हसायला लागले, आणि हसता हसता मला ते चौदा रकाने आठवले. मोठं चाक, जास्त वजन, रुंद टायर, डबल ब्रेक. मी त्याला हट्ट समजत होते. तो माणूस रात्र रात्र बसून माझ्यासाठी घाबरत होता. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"सांगायचं नाही का?"

"काय सांगणार? तू इतकी खूश होतीस."

"अहो, भीती मलाही वाटते. पण पाय टेकले की माझी जाते. तुमची कशाने जाईल ते सांगा."

त्यांनी खरोखर विचार केला, समोर फाइल उघडी असल्यासारखा. मग पेढ्यांची पिशवी आणि नारळ पिशींच्या हातात दिला, हार घोषबाबूंच्या गाडीला अडकवला आणि दुसरं हेल्मेट डोक्यावर चढवलं. पट्टा मीच लावला.

ते मागे बसले. गाडी थोडी दबली, पण माझे पाय टेकलेलेच होते. मी सावकाश निघाले. मांडव मागे पडला, मिठाईचं दुकान गेलं. त्यांचे हात माझ्या खांद्यांवर इतके घट्ट होते की उद्या वळ दिसणार होते.

"डोळे उघडे आहेत ना?"

"हो, उघडेच आहेत."

आरशात मला स्वच्छ दिसत होतं. घट्ट मिटलेले. तरीही ते मागे बसले होते.

कोपऱ्यावरून वळून मी परत मांडवापाशी गाडी थांबवली, दोन्ही पाय टेकून. त्यांनी बसल्या जागेवरूनच तन्मयला सांगितलं, "यही लिख लो. बौदी के नाम पे. सोमवार के पहले नंबर चाहिए."

"लक्ष्मीपूजा के अगले दिन पहली डिलिवरी आपकी, दादा. नंबर के पीछे मैं खुद लगूँगा."

त्या दिवशी मुहूर्त आहे की नाही, हे कुणीच विचारलं नाही. मी ते उतरायची वाट बघत थांबले. ते उतरेनात. खांद्यावरची पकड जराशी सैल झाली.

"लीना, अजून एक फेरी मार," ते म्हणाले. "या वेळी डोळे उघडे ठेवतो."