वर्गणी

यशोदाने सासूच्या मुठीतून आपला पदर एकेक बोट उलगडत सोडवला, तोच फाटकाबाहेर स्कूटर थांबली. पदर सुटला, पण तेवढ्यापुरताच. सासूबाईंनी, सगळ्या गावाच्या गंगाकाकींनी, लगेच तिच्या निऱ्या धरल्या.

वर्षभर हे असंच चाललं होतं. विहिरीवर, चुलीपाशी, न्हाणीच्या दारात, जिथे सून तिथे सासू. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून सांगितलं होतं. घरात सगळे 'आईचा विसर' म्हणत. शेजारची वत्सला थट्टा करायची, "लग्नात तुझी गाठ नवऱ्याशी मारलेली की सासूशी गो?" यशोदा हसायची, आणि हसून झालं की घरामागच्या उतरणीकडे बघायची. खाली तिचा मिरचीचा मळा होता. इब्रामपुरात तिच्या मिरचीला मान होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून या वर्षी पहिल्यांदाच तिथे नुसतं गवत माजलं होतं. उतरण सासूच्या गुडघ्यांना झेपत नव्हती. तिला वर ठेवून जावं, तर ती सुनेला शोधत रस्त्याला लागायची. एकदा पार हणखणे गावाच्या वाटेवर सापडली होती, अनवाणी.

पेडण्याच्या इस्पितळातल्या नर्सने डिचोलीच्या एका संस्थेचा नंबर दिला होता. त्यांची माणसं आठवड्यातून दोन सकाळी घरी येऊन अशा म्हाताऱ्यांपाशी बसतात, पैसे घेत नाहीत, असं ती म्हणाली होती. यशोदाने नवऱ्याची तुयेच्या कारखान्यातली सकाळची पाळी बघून आजचा दिवस ठरवला. पहाटेपासून गणपतीची चवथ आल्यासारखं घर पुसून काढलं, मॅक्सी टाकून साडी नेसली, आणि मग तिच्या मनात आलं, इतकं लखलखीत घर बघून ती बाई म्हणेल, तुम्हाला कसली मदत हवीय? म्हणून एका खुर्चीवर तिने न घडी केलेले कपडे पुन्हा आणून टाकले.

आणि नेमकं आजच कारखान्यात यंत्र बंद पडलं. कृष्णनाथ सोप्यावर पेपर उघडून बसला होता.

चवथीला त्याच्या बहिणीने बाहेरच्या मदतीचा विषय काढला होता, तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "लोक म्हणतील, कृष्णनाथाला आई जड झाली." मग त्याने आरतीची झांज उचलली होती आणि बोलणं तिथेच संपलं होतं.

फाटकातून पन्नाशीची एक बाई आत आली. हेल्मेटने केस चप्प बसलेले, खांद्याला संस्थेचं नाव छापलेली कापडी पिशवी.

"यशोदा गावस इथेच ना? मी सुमन. डिचोलीहून."

कृष्णनाथाने पिशवीवरची अक्षरं वाचली. पेपरची घडी घातली, त्या घडीची आणखी एक घडी घातली.

"तुम्हाला कुणी बोलावलं?"

सुमनने यशोदाकडे पाहिलं. यशोदाने तोंड उघडलं, पण आवाज निघायच्या आत तो उठून उभा राहिला होता.

"बाई, तुमची खेप फुकट गेली. आमच्या घरात माणसं आहेत. चहा घ्या आणि जा."

शब्दांत आदब होती, म्हणूनच यशोदाला वाटलं, संपलं. ती चहा टाकायला वळली, तशी निऱ्यांना ओढ लागायला हवी होती. लागली नाही. गंगाकाकी पुढे झाल्या होत्या. डोक्यावरचा पदर नीट करत त्या पायरीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"कृष्णा, दारात इलेल्या बाईक उभी करून काय इचारतंस? बापाशीन ह्यांच शिकवल्यान तुका?" आणि सुमनकडे वळून, "कसली वर्गणी गो? सप्त्याची काय शाळेची?"

 खांद्याला पिशवी, अनोळखी चेहरा, तोंडात घरच्या माणसाचं नाव: असं माणूस या घरी आजवर वर्गणीलाच आलं होतं. सप्ता असो, शाळेचं छप्पर असो, मागणारे गावात शिरले की पहिली पायरी गावसांची चढत. गंगाकाकींचा हात सढळ होता आणि तोंड त्याहून. देताना त्या चार प्रश्न विचारत, दोन चुका काढत, पण रिकामं कुणाला पाठवत नसत.

सुमनने तिघांकडे एकदा पाहिलं. मग चपला काढून पायरी चढली.

"आई, आमची माणसं म्हाताऱ्यांपाशी जाऊन बसतात. ज्यांना विसर पडलाय, त्यांच्यापाशी. घरातल्या बाईला घडीभर मोकळं व्हायला मिळावं म्हणून."

गंगाकाकी खुर्चीवरचे कपडे बाजूला सारून बसल्या. 

"माझ्या सासूक तसांच झालां," त्या म्हणाल्या. "वळख नाय ऱ्हवली. माका चोरटी म्हणायची. तिचां सगळां मी एकटीन केलंय. ह्यो कृष्णा तेव्हा रांगत होतो." त्यांनी हात जमिनीपासून वीतभर वर धरून दाखवला. "तेव्हा असा कोण इला असता, तर पायरीर ठेवलंय नसतंय. हाताक धरून आत घेतलंय असतंय."

कृष्णनाथ आईकडे बघत होता. आजीबद्दल एवढंच त्याच्या कानावर होतं, की ती सुखाने गेली.

"तुमचां काम बरां," गंगाकाकींनी निकाल दिला. "आमच्याकडे तसां कोण नाय आता. पण देतंय. नारळ चलतत मां?"

"चालतात की."

"ये तर." त्यांनी सुमनचं मनगट धरलं आणि तिला नारळ ठेवायच्या मागच्या खोपीकडे घेऊन गेल्या.

यशोदा स्वयंपाकघरात आली. आधण ठेवलं. मागे वळून पाहिलं, तर कुणी नव्हतं. आपला कप आधी भरून ती पाटावर बसली आणि गरम चहा सावकाश प्यायली. खोपीतून आवाज येत होता: "ह्यो नको, ह्यात पाणी नाय. हालवून बघ. तुमच्या डिचोलीत नारळ घेऊक शिकवनत नाय काय गो?" सासूचा असा खणखणीत आवाज ऐकून किती दिवस झाले, तिला आठवेना. ऐकता ऐकता तिची मान ताठ झाली. ही आमची आई, असं कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण स्वयंपाकघरात फक्त मांजर होतं.

ती चहा घेऊन बाहेर आली, तेव्हा दोघी सोप्यावर परतल्या होत्या. सुमनच्या दोन्ही हातांत एकेक नारळ होता. यशोदाला बघून ती गंगाकाकींना म्हणाली,

"आणि ह्या कोण, आई?"

 हा प्रश्न यशोदाने स्वतः विचारायचं कधीच सोडून दिलं होतं. गंगाकाकी तिच्याकडे बघत राहिल्या. ओठ हलले, नाव काही येईना.

"ही?" त्या शेवटी म्हणाल्या, आणि जरा सावरून बसल्या. "ह्या घराचां सगळां हीच बघता. हिका इचारल्याशिवाय मी चा पण घेणंय नाय."

"असं होय." सुमन यशोदाकडे वळली. "मग तुम्हालाच विचारायला हवं. बाकीचे नारळ आज स्कूटरवर मावणार नाहीत. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी येत जाऊ?"

कृष्णनाथ खांबाला टेकून उभा होता. यशोदाने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"या," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "सकाळी लवकर या."

"आणि उगीच रिकामी बसा नको," गंगाकाकींनी बजावलं. "खोप साफ करूची आसा."

स्कूटर गेली. धूळ खाली बसेपर्यंत कृष्णनाथ फाटकापाशी जाऊन उभा राहिला. मग आत आला, पायरीवर बसला.

"फोन तू केलेलास?"

"होय."

 सोप्यावर गंगाकाकी थंड झालेला चहा बशीत ओतून पीत होत्या, मोठं काम उरकलेल्या माणसासारख्या, फुर्र फुर्र आवाज करत.

"दोन्ही नारळ बारीक होते," तो म्हणाला. "शुक्रवारी मोठे बघून दे."