किल्ली फिरवायच्या आधी

भिंगरी नऊ वर्षांची होती आणि घरातली एकही वस्तू तिच्या तावडीतून सुटलेली नव्हती. तिच्या ताईला काळजी होती ती बाबांच्या जुन्या व्हॅनची. बाबांची कंबर धरली होती. बेकरीचा माल दुकानांत पोचवायचं काम ताईनं घ्यायचं, नाहीतर व्हॅन विकून टाकायची, असं ठरलं होतं. आणि ताई गाडीच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती.

दुसऱ्यांदा तर भिंगरीच्याच कृपेनं. ताईचा नंबर यायच्या आधी तिनं गंमत म्हणून व्हॅन गिअरमध्ये टाकून ठेवली. ताईनं किल्ली फिरवली, व्हॅननं बेडकासारखी उडी मारली आणि समोरचा खांब आडवा केला. घरी आईनं भिंगरीला चांगलं धारेवर धरलं. ताई आठवडाभर तिच्याशी बोलली नाही.

मग एका सकाळी ताईनंच तिला हाक मारली. "रोज गाडीत एक खोडी करून ठेवायची. किल्ली फिरवायच्या आधी मी ती शोधणार. नाही सापडली, तर तुला गाडीनं शाळेत सोडीन."

"आईशपथ?"

"आईशपथ."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! कधी आरसा छताकडे, कधी हँडब्रेक सैल, कधी सीट इतकी पुढे की गुडघे स्टिअरिंगला टेकावेत. सुरुवातीला ताई रोज हरली. शेजारी बाबा बसलेले आणि मागच्या खिडकीतून भिंगरी राणीसारखी हात हलवतेय, अशी वरात शाळेत जायची. ताई दातओठ खायची, पण हटली नाही. हळूहळू भिंगरीवर पायी जायची पाळी आली.

परीक्षेच्या सकाळी ताईनं सगळं तपासलं. सगळं जागच्या जागी होतं. आरसा तर लख्ख पुसलेला.

"काय केलंयस?"

"काही नाही गं. आज नाही." भिंगरीचं तोंड एवढंसं झालं होतं. ताईला भरून आलं.

या वेळी परीक्षा घेणारे साहेब नवे होते. त्यांनी आधी स्वतः व्हॅन फिरवून पाहिली आणि उतरून म्हणाले, "बसा." ताई बसली. सीट, आरसा, हँडब्रेक. हात आपसूक गिअरवर गेला. गाडी गिअरमध्येच होती. तिनं ती न्यूट्रल केली आणि मगच किल्ली फिरवली.

"मी मुद्दाम तशीच सोडतो. बरेच जण इथंच आपटतात," साहेब म्हणाले. "तुम्हाला कुणी शिकवलं?"

"धाकट्या बहिणीनं."

ताई पास झाली! ती ऑफिसात सही करायला गेली तोवर बाबा आणि भिंगरी व्हॅनमध्ये जाऊन बसले. ती धावतच आली, व्हॅनमध्ये बसली आणि किल्ली फिरवली. कोरड्या काचेवर दोन्ही वायपर खडाखडा नाचायला लागले. बाबा मुकाट्यानं खिडकीबाहेर बघत होते.

"भिंगरे!"

"परीक्षा संपली ना आता?" मागून आवाज आला. "चल, शाळेत सोड."

ताईला हसू आवरेना. तिनं गाडी बंद केली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतलं.