रिकामा हौदा

लॉकडाऊनमध्ये लोक केक करायला शिकले; नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या आमच्या शेजाऱ्याने, देवदत्तने, जुना अमेरिकन पिकअप ट्रक आणला. गल्लीत मावत नव्हता, पण कौतुक काही संपेना. दीड मीटरवरून तो मला शिकवायचा, "मालिनीताई, पूर्वी मागची मडगार्ड हौद्याच्या बाहेर असायची. मग ती आत घेतली, बाजू चाकांच्या बाहेरून सपाट नेल्या, हौदा रुंद झाला. कशासाठी? माल जास्त मावावा म्हणून!"

"मग माझं मोडकं कपाट टाकून येऊ या का?"

त्याचा चेहरा उतरला. "अहो, रंग खरवडेल!"

तेवढ्यात त्याची बायको निशिगंधा सायकलवरून धापा टाकत आली. पुढे तांदळाचं पोतं, मागे बटाटे.

हे ध्यान तिच्यावर खेकसलं, "लांबून! हँडल घासेल गाडीला!"