साबूत पट्ट्या

वनमालेला त्या दिवशी तीन पट्ट्या तोडायच्या होत्या. किती जोरानं तुटतात त्याची सरासरी प्रबंधात बसली की उद्या प्रबंध जमा, नाहीतर वर्ष वाया. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमच्या त्या पट्ट्या तिनं माजलगावच्या कॉलेजात स्वतः ओतल्या, भट्टीत तापवल्या, पाण्यात विझवल्या, मंद आचेवर मुरवल्या. टोकाला रुंद, कमरेत बारीक.

त्या बारीक कमरेनंच घोळ केला. दिंद्रुडहून डबा घेऊन आलेल्या वनमालेच्या आईला, केसरबाईंना, त्या पट्ट्या पोरीच वाटल्या आणि त्यांची दया आली. वनमाला पट्ट्या ओढून तोडायचं यंत्र लावेपर्यंत त्यांनी तिघींना हळदीकुंकू लावलं, मूठमूठ तांदळानं ओटी भरली. परक्या दारी निघालेली लेक रिकामी कशी धाडावी? वर ओवीही म्हटली.

चाललीस दूरदेशी, जप वाटेनं गं बाई
साबूत ऱ्हाय लेकी, तुला सांगे तुझी आई

यंत्रानं पहिली पट्टी दोन्हीकडून ओढली. ती गुळाच्या पाकासारखी लांबली. यंत्र संपलं, पट्टी संपेना. मार्गदर्शक मोहनराव सर म्हणाले, ती तुटावी एवढाच नियम आहे, कुठं तुटावी हे लिहिलेलं नाही. मग शिपाई अजिनाथनं टोक पक्कडीत धरलं आणि सगळे व्हरांड्यातून, फाटकातून, उसाच्या कडेनं ओढत निघाले. ट्रॅक्टरवाल्यांनीही हात लावला. दिंद्रुड फाट्याशी पट्टीची केसाएवढी तार झाली. तिच्यावर चिमण्या बसल्या, तरी तुटेना.

सरांनी हात जोडून आशीर्वाद परत घ्यायला सांगितलं. भरलेली ओटी परत घेत नसतात, असं केसरबाईंनी त्यांना समजावलं.

वनमाला रडवेली झाली. "माय, तुटल्याबिगर तिची ताकद कळत न्हाई."

केसरबाईंनी विचारलं, "मंग माझी कशी कळली तुला?"

लेकीनं तार मुठीत गच्च धरली. तिच्याकडं पाहता पाहता केसरबाई वाकल्या आणि गोधडीचा शेवटचा टाका झाल्यावर दोरा तोडतात तशी ती तार त्यांनी दातानं तोडली.

सर वही घेऊन धावले. किती जोर लागला, विचारू लागले.

केसरबाईंनी दाढ चाचपली. "लेक धाडताना लागतो तेवढा."

सरांनी ते न्यूटनच्या रकान्यात लिहिलं. दोन पट्ट्या अजून बाकी होत्या. केसरबाईंनी पदर खोचला आणि चूळ भरायला पाणी मागितलं.